मायाळू बाईची शिकवणी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आप्पांना तुझ्याकडे नेलंस, बरं केलंस. सुनेपेक्षा ते लेकीचं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं दाखवतात.

इकडची बातमी अशी की तुझी वहिनी या वयात शाळेत जाऊ लागली आहे. मी काम करते त्या वृद्धाश्रमात नवा नियम आलाय. काळजीवाहकांनी आधी वर्ग करायचा, परीक्षा द्यायची, मगच माणसाला हात लावायचा. पहिल्या दिवशी सगळ्याजणी फुरंगटून बसल्या होत्या. उभा जन्म दुसऱ्याचं करण्यात गेला, आता तोंड पुसायलाही शिकवणार का, म्हणत होत्या. सरावाला एक रबरी माणूस आहे. त्याला आम्ही जावईबापू म्हणतो. तो नुसता पडून असतो, सगळ्या त्याच्याभोवती धावतात आणि तो कधी पुरे म्हणत नाही. तुझ्या नवऱ्याला हे सांगू नकोस.

संध्याकाळी पुस्तक मोठ्याने वाचते. तुझा भाऊ असता तर दर ओळीला उच्चार सुधारत बसला असता. आता कुणी अडवत नाही, म्हणून मीच थांबते आणि ओळ परत वाचते.

आप्पांना सांभाळायला ब्यूरोतून बाई घेतलीस म्हणतेस. ती कुठे शिकली, तेवढं विचार.

लोभ नेहमीसारखा, भांडणासकट असू दे.

तुझी
वहिनी


ता. १३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या जावईबापूंनी माझ्याआधी फोडलं. दोन दिवस घरात अबोला होता, त्याबद्दल आभार.

बाई कुठे शिकली ते ब्यूरोच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, माया आतून यावी लागते, ती का फळ्यावर शिकवतात? मला तर पटलं. आमची बाई मायेचं आगर आहे. बाकीच्या बाया म्हाताऱ्याला उशीला टेकवतात आणि तोंडात चमचा कोंबतात. ही आप्पांचं डोकं मांडीवर घेते, केसांतून हात फिरवते आणि निजल्या-निजल्या चमच्याचमच्याने सूप पाजते. शेजारणीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. जेवताना आप्पांना जरा खोकला येतो, आवाजही ओलसर झालाय, पण हवाच तशी आहे. पाठीवरून हात फिरवला की थांबतो.

तू नापास झालीस तर प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही करीन. काळजी नसावी.

वडीलकी असू दे, कान मात्र पिळू नकोस.

तुझी
धाकटी


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. तुमच्या घरी फोन नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन करून निरोप ठेवला आहे. तो निरोप कसे देतो ते ठाऊक असल्याने लिहितेही आहे.

आप्पांना निजवून काहीही पाजू नका. झटक्यानंतर गिळणं अधू होतं. आडव्या माणसाला पाजलेलं सूप पोटाऐवजी फुफ्फुसात उतरतं. तो खोकला हवेचा नाही. त्यांना सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या. घास लहान द्या, आणि तो गिळल्याशिवाय पुढचा नको. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखव.

तुझ्या त्या ब्यूरोवाल्याला मी ओळखते. पूर्वी समारंभांना खुर्च्या भाड्याने द्यायचा, आता माणसं देतो. खुर्ची पाठवताना चारही पाय टेकतात का, हे तरी बघायचा.

मायेला मी नाही म्हणत नाही. पण नवऱ्याची दाढ काढायची होती तेव्हा तू मायाळू माणूस शोधला नव्हतास.

राग आला तर येऊ दे. आधी आप्पांना बसव.

वहिनी


ता. २ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

दुकानदाराने निरोप दिला तो असा: वहिनी म्हणतात, आप्पांना बसवा. बस, एवढाच. आम्ही त्यांना रोज संध्याकाळी हवेसाठी गॅलरीत बसवलं आणि रात्रीचं सूप पुन्हा मांडीवरच. तुझं पत्र आलं तेव्हा आप्पा तापाने फणफणले होते आणि मी त्यांना घेऊन इस्पितळात होते. न्यूमोनिया. डॉक्टरांनी तू लिहिलंस तेच सांगितलं, फक्त कपाळाला आठ्या घालून. आता ते घरी आलेत. मी त्यांना बसवून भरवते. वाटी संपते, खोकला नाही.

मी तणतणत ब्यूरोत गेले आणि शिकलेली बाई मागितली. मालक म्हणाला, उद्या हजर. दुसऱ्या दिवशी हीच बाई आली, पण हातात प्लॅस्टिक चढवलेलं प्रमाणपत्र! तिचा फोटो, शिक्का, वर प्रथम श्रेणी. त्यावर ज्या दिवसांचं प्रशिक्षण लिहिलंय, त्या दिवसांत ती माझ्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होती.

पण वहिनी, लिहायचं ते वेगळंच. मी आप्पांना भरवत असताना ती दाराशी उभी राहून बघत होती. मग आत येऊन हळूच म्हणाली, आधीच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनाही मी असंच मांडीवर घेऊन भरवायची. तेही खोकायचे. दोघंही तापाने गेले. ते माझ्यामुळे का, असं विचारलं तिने. मी नळ सोडला आणि भांडी घासू लागले.

तिला काय सांगू?

धाकटी


ता. ६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी पास झाले. जावईबापूंनी तक्रार केली नाही.

ते प्रमाणपत्र फाडू नकोस, माझ्याकडे पाठव. आमच्या शिक्षिका ते नियम करणाऱ्या साहेबांपुढे ठेवणार आहेत. एका रात्रीत प्रथम श्रेणी कशी मिळते, हे त्यांनाही कळू दे.

बाईला कामावरून काढू नकोस. नव्या तुकडीत मी तिची जागा धरली आहे, खरीखुरी. राहायला माझ्या घराची किल्ली देते. तिचा वर्ग होईस्तोवर आप्पांजवळ मी येऊन राहीन. रविवारी पोचते.

तिला काय सांगायचं म्हणतेस. खोटं सांगू नकोस. तुला कुणी शिकवलं नव्हतं, एवढं सांग. ते खरं आहे. बाकीचं तिला गिळण्याच्या धड्याला आपोआप कळेल. आमच्या वर्गात तो धडा झाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीच डबा उघडला नाही. जिने तिने आपापली माणसं आठवली असावीत. मला तुझा भाऊ आठवला, आणि त्याला निजवून पाजलेली पेज.

तिच्या त्या धड्याच्या दिवशी तिला एकटीला बसू देऊ नका, असं मी शिक्षिकांना सांगून ठेवलं आहे.

लोभ धर, आप्पांची पाठ सरळ धर.

तुझी
वहिनी