नासलं म्हणू नये

आई, आज दुपारी दूध नासलं आणि तू आठवलीस. तशी रोजच आठवतेस, पण आज भीती घेऊन आलीस.

आपल्या मुलुंडच्या दोन खोल्यांत हा शब्द तुझ्या तोंडी दिवसभर असायचा. मे महिन्यात भय्याचं दूध दुपारपर्यंत टिकत नसे. तू पातेल्यावर वाकून वास घ्यायचीस, "नासलं गं," म्हणायचीस आणि हळहळत न बसता साखर घालून आटवायला घ्यायचीस. आम्ही भावंडं ते पातेलं खरवडून खायचो. पानात टाकलेला भात म्हणजे नासाडी, आम्ही केलेला पसारा म्हणजे नासधूस, आणि शेजारचा चोरून बिड्या ओढणारा मुलगा पार नासलेला. कुठेही चालायचा तो शब्द, फक्त माणसाच्या अंगाला लावायचा नाही. तिथे तुझे नियम वेगळे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, आणायला झाले म्हणायचं. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून.

त्या वर्षी गणपती गेल्यावर एका संध्याकाळी मी तुझे पाय चेपतेय. मी दहा वर्षांची. तुझ्या उजव्या अंगठ्याला कितीतरी दिवस हळदीची चिंधी आहे. मी जवळ वाकते आणि बोलून जाते, "आई, दूध नासल्यासारखा वास येतोय गं." तू पाय ओढून घेतेस. "तिन्हीसांजेला असलं बोलतात? शुभ बोल." तू मारलं नाहीस, पण तुझा चेहरा बघून मी पुन्हा तोंड उघडलं नाही. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही हो, ठेच लागलीय." पुढे ताप चढला, तेव्हा बाबांनी बळेच स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनाही तू ठेचच सांगितलीस. चिंधी सोडल्यावर ते बाबांना म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" घटस्थापनेला तू नव्हतीस.

मला तुझा राग येतो, आई. दुधाचा वास आला की लगेच हातपाय हलवणारी तू, स्वतःच्या पायाशी मात्र शुभ बोलत बसलीस. हे मी इतकी वर्षं मनात म्हणत आले आणि स्वतःला तुझ्यापेक्षा शहाणी समजत आले.

आता मला शुगर आहे. डाव्या पायाची करंगळी काळी पडत चाललीय. मी हळद लावते आणि वर मोजा चढवते. सून विचारते, "आई, लंगडताय का?" मी सांगते, "चप्पल लागली गं." घरात कुणी पायाकडे पाहिलं तरी मी पाय साडीखाली ओढून घेते. आणि आज, ते दूध ओतून टाकल्यावर, नात माझ्या पायथ्याशी खेळत बसली होती. नाक मुरडून म्हणाली, "आजी, तुझ्या पायाला पण तसाच वास येतोय."

मी तिला म्हणाले, "शुभ बोल."

तुझाच आवाज होता तो. पोरगी गप्प झाली, अगदी मी झाले होते तशी. मग मी हे लिहायला बसले.

कागद उशीखाली सारते. सून आत्ताच कामावरून आलीय. मी नातीला हाक मारलीय. तिला सांगणार आहे, मघाशी बोललीस ते तुझ्या आईसमोर परत बोल, मोठ्याने बोल, मी रागावणार नाही. मोजा मी काढून ठेवलाय, आई. पण तो शब्द अजून माझ्या तोंडातून निघत नाही.