शिंपल्यांचा चुरा

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण, छोटीला पापा.

माणूस स्वतःच्या नाकापेक्षा पोरीच्या कागदावर जास्त विश्वास का ठेवतो? आठवडाभर हाच विचार करतेय.

इकडे सगळं ठीक. खोलीचं गळकं छत दुरुस्त झालं. माझा खोकला गेला. वेळेवर जेवते. एवढं बाबांना वाचून दाखव. पुढचं आधी तू एकटा वाच.

मार्चमध्ये आपल्याकडच्या समुद्रतळाचा गाळ आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आला, तेव्हा तू म्हणाला होतास, "चिखलातच हात घालायचा होता तर मॅडम शिकल्या कशाला?" आणि बाबा म्हणाले होते, जाळ्याला भिजलेल्या लाकडाचा वास येतो, कागद गिरणीचा लगदा नदीतून येऊन तळाशी बसलाय, मासळी त्याखाली गुदमरतेय. मी काय म्हणाले आठवतं? "बाबा, नाकाचा पुरावा चालत नाही."

गाळात जे कुजकं असतं ते जमिनीवरच्या झाडांचं की समुद्रातल्या शेवाळाचं, हे त्यातल्या कार्बनवरून कळतं. माझ्या अहवालात सगळे नमुने समुद्राचे निघाले, म्हणजे गिरणीचा दोष नाही. बाबांनी मच्छीमार संघटनेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "माझ्या पोरीनं तपासलंय. गिरणीवरची तक्रार मागे घ्या." महिन्याभरात त्यांनी होडी विकली. दर्याच नासलाय तर भांडायचं कुणाशी, म्हणाले.

दादा, दर्या नासला नव्हता.

गाळ यंत्रात घालण्याआधी आम्लाने धुवायचा असतो. त्यात शिंपल्यांचा बारीक चुरा असतो. तो विरघळून गेला नाही, तर शिंपल्यांचा कार्बन मिसळतो आणि जमिनीवरून आलेला गाळसुद्धा समुद्राचा भासतो. हे मला झोपेतही येतं. पण निकाल तुमच्या बैठकीआधी पोचावा म्हणून मी घाईत होते. धुतलेल्या बाटल्या वरच्या फळीवर होत्या, न धुतलेल्या खालच्या. मी खालच्या उचलल्या.

मागच्या सोमवारी रिकाम्या बाटल्या विसळत होते. मी ज्यातून गाळ मोजून घेतला होता, त्यातल्याच एकीच्या तळाशी चिमूटभर उरला होता. सहज आम्लाचा थेंब टाकला. फसफसला. धुतलेला गाळ फसफसत नाही, दादा. मग ती चिमूट नीट धुऊन तपासली. लाकूड निघालं. बाबांचं नाक पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलं. ते वाईट नाहीत. म्हणाले, "एका चिमटीनं काय सिद्ध होणार? बाकीचा गाळ संपला, जेटीसाठी तिथला तळही खोदून झाला. नवा नमुना आणणार कुठून? घरातली पहिली पदवीधर ना तू? गप्प बस, पोरी."

खरंच काही सिद्ध होणार नाही. गिरणी चालूच राहील. होडी परत येणार नाही. नव्या मालकानं तिला रंगही दिला असेल. मी बोलून कुणाच्या जाळ्यात एक मासा वाढणार नाही, हे मला पुरतं कळतं. माझ्या फीसाठी तू शाळा सोडलीस, हेही कळतं. म्हणूनच चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चार वेळा छताचंच लिहून ठेवलं.

आज सकाळी मी तो अहवाल चुकीचा असल्याचं माझ्या सहीनिशी, गाळ तपासायला पाठवणाऱ्या सरकारी कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं कळवलं. फळीची चूकही लिहिली. एक प्रत संघटनेच्या सेक्रेटरींना पाठवली आहे. ते रविवारच्या बैठकीत वाचतील. दुपारी प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी वर बघितलं नाही.

बाबा रविवारी बैठकीला जातील. त्याआधी त्यांना हे सगळं वाचून दाखव, छतापासून सहीपर्यंत. मध्ये थांबू नकोस.

बाबांचं न ऐकलेली,
तुझी धाकटी