सरांचा समाचार

३ मार्च, मंगळवार

मिळाला! सरांचा समाचार मला मिळाला!

विभागप्रमुख बाईंनी जिन्यातच गाठलं. "सरांनी तुझंच नाव दिलंय." स्वतः सरांनी! टाचणीचं तोंड बघण्यासारखं झालं. (टाचणी म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरचा सहकारी. येता जाता टोचतो.) जगात सगळीकडे निवृत्त होणाऱ्याची स्तुती करतात, आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांची तऱ्हाच वेगळी. सगळ्यात जवळच्या विद्यार्थ्याने भर सभेत गुरूचा सिद्धान्त फोडायचा, हाच 'समाचार'. गुरूने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, नाहीतर "मान्य" म्हणून खाली बसायचं. आजवर कुणी बसलेलं नाही.

सरांचा निरोप आला – "गुळगुळीत बोललीस तर याद राख."

५ मार्च, गुरुवार

सरांचं पुस्तक पुन्हा वाचलं. काय लिहितो हा माणूस! रागच येतो.

सगळं त्या एका बाकावर उभं आहे. नदीकाठचं दगडी बाक. तरुणपणी सर रोज संध्याकाळी तिथे बसायचे. जमिनीकडून, पाण्याकडून आपल्याला काहीतरी हवं असतं तोवर ते दिसतच नाही, म्हणतात सर. ठेकेदाराला वाळू दिसते, कोळ्याला मासे. मी त्या बाकावर बसलो, मला काहीच नको होतं, आणि नदी दिसली. झालं! पुढची तीनशे पानं यावर. जर्मन, फ्रेंच, एकेका दिग्गजाला हाताला धरून आणून त्या बाकावर बसवलंय.

फोडू कुठून? फटच नाही कुठे.

टाचणी म्हणतो, "तू तिथे रडणार. रुमाल ने."

६ मार्च

काही सुचत नाही. भाजी करपली. नवरा एक शब्द बोलला नाही, म्हणजे फारच करपली असणार.

८ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

सरांची पुस्तकं परत द्यायला त्यांच्या घरी गेले होते. सर बाहेर गेलेले. काकू स्वयंपाकघरात डबे पुसत बसल्या होत्या. मीही फडकं घेतलं. सहज म्हटलं, त्या बाकाने माझा जीव खाल्लाय काकू. तर हसायलाच लागल्या! डबा बाजूला ठेवून हसल्या.

"अगं, कसली नदी आणि कसलं काय! तिथेच आमचा बिस्किटांचा कारखाना होता. मी हिशेबाला होते. संध्याकाळी सुटले की फाटकातून बाहेर पडायची, तर हे आपले बाकावर. रोज! मागून जाऊन डोळे झाकायची मी. असे दचकायचे! महिनाभर माझी वाट बघत बसले, पण तोंडाने एकदा कबूल करतील तर शपथ. शेवटी मीच विचारलं, लग्न करायचंय का?"

देवा! ज्याला काहीच नको होतं, तो माणूस एका मुलीची वाट बघत होता! नदी सुंदर दिसली ती काही नको होतं म्हणून नाही. ती मुलगी येणार होती म्हणून दिसली!

सांगू का हे सभेत, म्हणून विचारलं. "खुशाल सांग. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आयुष्यभर नुसती नदी नदी ऐकली मी."

रस्ताभर एकटीच हसत आले. लोक बघत होते. बघू देत!

११ मार्च, बुधवार

सपाटून लिहितेय. हात दुखतो, थांबवत नाही. पाहणं म्हणजे वाट पाहणं – हाच माझा सिद्धान्त. माझा! 'माझा सिद्धान्त' हे शब्द पहिल्यांदाच लिहितेय.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बाकावरून काढलेला फोटो आहे. पाणी, झाडं, पलीकडचा काठ. कारखान्याचा मागमूस नाही. सरांनी बरोब्बर कापून टाकलाय! लबाड!

नवरा म्हणाला, "एकदा जाऊन तर ये तिथे." म्हटलं, आता कशाला? पुरावा हातात आहे.

मध्येच वाटतं, सरांना लागलं तर? पण गुळगुळीत बोलायचं नाही असं त्यांनीच बजावलंय ना.

१४ मार्च, शनिवार

सर "मान्य" म्हणाले.

सभागृह गच्च होतं. काकू पहिल्या रांगेत, नवीकोरी साडी. भाषणात फाटकापाशी आले आणि लोक हसायला लागले. डोळे झाकण्यापाशी टाळ्या. काकू तर लाजून लाल! मग शेवटचं वाक्य बोलले – पाहणं म्हणजे वाट पाहणं.

सर उठले. पेनचं टोपण काढलं. मला माहीत आहे, टोपण निघालं की समोरच्याची धडगत नसते. म्हणाले, "त्या बाकावरून तर–"

आणि थांबले. काकूंकडे बघत राहिले. टोपण लावलं.

"मान्य," म्हणाले. "हिचीच वाट बघत होतो."

केवढा गलका! टाचणीने चक्क मिठी मारली. रडले मी. रुमाल त्याचाच घेतला.

१५ मार्च, रविवार

काकूंचा फोन. सकाळपासून गावभर सांगत सुटल्या आहेत. "इतक्या वर्षांनी चारचौघांत कबूल केलं गं! तुझ्यामुळे!"

विभागप्रमुख बाई समाचार छापणार आहेत. सोबत बाकाचा फोटो हवाय. सरांची तीनशे पानं मोडली मी! अजून खरं वाटत नाही.

१७ मार्च, मंगळवार

फोटो काढायला गेले. बसले.

दगडी बाक, जमिनीत पक्कं रोवलेलं. तोंड नदीकडे. कारखान्याचं फाटक पाठीमागे, रस्त्याच्या पलीकडे. मान पूर्ण वळवली तरी मधल्या भिंतीमुळे दिसत नाही.

सर नदीच बघत होते. "त्या बाकावरून तर–" एवढंच बोलून काकूंकडे बघत राहिले होते.

फोटो फक्त बाकाचा काढलाय, अगदी जवळून. कुणाला काही सांगणार नाही. आता जन्मभर जिंकलेलीच राहायचंय मला.