मुराळ्याची फियाट

मी, वसंत दगडोबा कवडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा निवृत्त अव्वल कारकून, राहणार वाशी, जिल्हा धाराशिव, आज आपल्या घरच्या ओसरीवर बसून, कुणाच्या दाबाखाली नाही, कुठलं नशापाणी केलेलं नाही, डोकं ठिकाणावर आहे अशा स्थितीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे की, सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघून चष्मा काढून ठेवला आणि "घरचं कुणी सोबत आहे का?" असं विचारलं. मी तहसील कचेरीत जन्म काढला आहे. साहेब चष्मा काढून ठेवतो तेव्हा निकाल काय असतो हे मला कळतं. म्हणून लिहायला बसलो.

कलम एक. वाशी शिवारातली माझ्या नावची जमीन मुलगा उत्कर्ष आणि मुलगी सोनाली यांना निम्मी निम्मी. सोनालीकडून हक्कसोड लिहून घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो मनातच ठेवावा. अशी कागदं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आणि सही करताना बहिणींची तोंडंही पाहिली.

कलम दोन. राहतं घर उत्कर्षला. माझी बायको विमल हिला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील आणि तिला उत्कर्षकडं पुण्याला हलवू नये. पुण्यात तिला न्हाणीघर सापडत नाही. बँकेतली ठेव तिच्या औषधपाण्याला आणि स्वयंपाकाला येणाऱ्या सिताबाईच्या पगाराला लावावी. सिताबाईला काढू नये. ती विमलशी वाद घालत नाही, हा तिचा मोठा गुण.

कलम तीन, हत्यारं. पाने, जॅक, व्हाइस आणि मी जन्मभर कुणाला उसना न दिलेला पान्यांचा जर्मन सेट शेजारच्या वीरभद्र पत्रेवाल्याला द्यावा. फियाटचा कुजलेला तळ त्यानं नवा ठोकून दिला, मडगार्ड सरळ केले. पण रंगाच्या बाबतीत त्यानं मला फसवलं ते फसवलंच. मी क्रीम सांगितला होता, त्यानं पिवळा मारला. वर "वसंतराव, उन्हात बघा, क्रीमच दिसतो," असं तोंड वर करून म्हणाला. दोघांत वर्षभर बोलणं नव्हतं. गाडी पुन्हा खरवडून मी स्वतः रंगवली. सेट मात्र त्यालाच द्यावा. दुसऱ्या कुणाला त्याची किंमत नाही.

कलम चार, गाडी. हे सविस्तर लिहावं लागेल.

फियाट अकराशे, पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. ही मूळ परंड्याच्या एका डॉक्टरांची. विमलचं माहेर परंडा, आणि तिचा थोरला भाऊ योगीराज या डॉक्टरांकडं ड्रायव्हर होता. आमचं लग्न झालं त्या वर्षी पंचमीला तो मुराळी म्हणून बहिणीला माहेरी न्यायला आला, तो डॉक्टरांच्या हातापाया पडून हीच गाडी घेऊन. बाकीच्या पोरींचे मुराळी एसटीनं नाहीतर सायकलवर यायचे. विमल मोटारीत बसून गेली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती. माझी आई धुरपदाबाई चार दिवस नुसती त्याच गोष्टी सांगत होती.

पुढं डॉक्टर वारले. योगीराजही तरणाताठा असताना तापानं गेला. मी नोकरीतून मोकळा झालो त्या साली ही गाडी डॉक्टरांच्या गोठ्यात उभी असलेली दिसली. टपावर कडबा रचलेला, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. विमल म्हणाली, "ह्ये भंगार कशाला?" मी म्हणालो, "तुझ्या भावाची गाडी आहे." मग ती आत गेली. चिंच आणि राख घेऊन आली आणि चाकाच्या झाकण्या घासत बसली.

गाडी उभी करायला आम्हाला फार वर्षं लागली. एक वस्तू हाती येईपर्यंत दुसरी गंजायची. काचेच्या रबरासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार घातले, ते जाऊ दे. दाराची मूठ मिळालीच नाही, ती लातूरला लेथवर करून घेतली. कार्बोरेटर इतक्यांदा उघडला की तो मला झोपेत जोडता येईल. ब्रेकमधली हवा काढताना मी गाडीखाली आणि विमल वर पेडलवर. "दाबू का?" "दाब." "सोडू का?" "सोड." संध्याकाळच्या संध्याकाळ आमचं एवढंच बोलणं व्हायचं. मी मुळात कमी बोलणारा. पण ते दिवस सुखाचे होते असं मी इथं लेखी देतो. दसऱ्याला सगळी हत्यारं बॉनेटवर मांडून ती पूजा करायची आणि न चालणाऱ्या गाडीला झेंडूचा हार घालायची.

गाडी पूर्ण होत आली तसं विमलचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग सोनालीचं सासर, मग मी.

दोन वर्षांमागं पंचमीच्या तोंडावर इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. ऊन होतं म्हणून मी टोपी घातली, तिला शेजारी बसवलं आणि गाडी चालू केली. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि हसली. तसं हसणं मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. म्हणाली, "दादा, आलास व्हय? लई उशीर केलास."

मी गाडी रस्त्याला काढली. चौकात पेट्रोलपंप, मोबाईलची दुकानं, पोस्टर बघून ती घाबरली. ह्यो आपला रस्ता न्हाय म्हणून दार उघडायला लागली. उलटं उघडणारं दार चालत्या गाडीत फार वाईट. मी तिला कशीबशी घरी आणली आणि बॅटरी काढून ठेवली. तेव्हापासून गाडी शेडमध्येच आहे. चालू आहे, पण चालवलेली नाही. ज्या इंजिनासाठी मी एवढी वर्षं घालवली त्याचा आवाज मी पोटभर ऐकला नाही. ह्याचं मला दुःख आहे. ते नाही असं म्हणणं खोटं होईल.

आता रोज उन्हं उतरली की ती कपड्यांचं गाठोडं घेऊन शेडमध्ये येते. मी टोपी घालून स्टिअरिंगवर बसतो. कचेरीत जन्मभर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, शेवटी मीच योगीराजची खरी नक्कल झालो. मी तोंडानं रस्ता सांगतो. वाशी सुटली, ओढा आला, भूम आलं. ती खिडकीतून पत्र्याच्या भिंतीकडं बघते आणि भावाला सासरचं सांगते.

संसार एवढ्या वर्षांचा झाला, पण तिनं माझ्याबद्दल मला कधी काही सांगितलं नव्हतं. ते मला तिच्या भावाच्या जागी बसून ऐकावं लागलं. "तेंचं वाईट काय न्हाय दादा. बोलत न्हाईत, एवढंच." एकदा म्हणाली, "मला मुळा आवडत न्हाय. पयल्या वर्सी लाजून आवडतो म्हनले, तवापासनं दर बाजाराला आणत्यात." त्या आठवड्यापासून मी मुळा आणला नाही. पुढं एक दिवस गाडीत हळूच म्हणाली, "दादा, मुळा बंद झाला बघ. तू तर तेनला बोलला न्हाईस न्हवं?" मी नाही म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली.

आता गाडी कुणाला द्यायची हा प्रश्न. उत्कर्षला ती एका शौकीन माणसाला विकायची आहे, गिऱ्हाईकही तयार आहे. गेल्या दिवाळीत मला बरं नव्हतं म्हणून तो स्टिअरिंगवर बसला. आई दादा म्हणाली, तेव्हा ह्यानं तिचा हात धरून सांगितलं, "आई, मी उत्कर्ष. योगीराज मामा कधीच वारले." तो खोटं बोलला नाही. पण भाऊ मेल्याची बातमी तिला दुसऱ्यांदा मिळाली. ती जमिनीवर बसून रडली, अन्नाला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा गाठोडं घेऊन उभी. उत्कर्ष, बाळा, मला तुझा राग नाही. आईनं आपल्याला ओळखू नये हे तुला सोसत नाही. मलाही सोसत नव्हतं.

मी सोलापूरला दवाखान्यात होतो तेव्हा सोनाली बसली. ती इथल्या शाळेत शिकवते, ईट गावाहून, सासरहून, येणंजाणं करते. तिनं माझी टोपी घातली, केस आत खोचले. विमल म्हणाली, "दादा, आवाज का बसलाय तुजा?" सोनाली म्हणाली, "सर्दी झालीया." आणि वाशी सुटली, ओढा आला. मुराळी पुरुषच असावा असं कुठल्या कायद्यात मला आढळलं नाही. सबब फियाट गाडी, टोपी, शेड आणि फाटकापासून शेडपर्यंत जायची वाट मी सोनालीला देतो. त्या वाटेला उत्कर्षनं हरकत घेऊ नये.

अटी अशा. विमलच्या हयातीत गाडी सुरू करू नये आणि विकू नये. ती गेल्यावर बॅटरी जोडावी, दोघा बहीणभावांनी मिळून एकदा खरोखर परंड्याला न्यावी, नंतर विकली तरी माझं काही म्हणणं नाही. गिअर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना अडतो, जोर लावू नये.

कलम पाच, हे सर्वांत महत्त्वाचं. मी गेल्याचं विमलला सांगू नये. एकदाही नाही. उत्कर्षनं तर नाहीच.

गाडी आजवर परंड्याला पोचलेली नाही. भूम मागं पडलं, आता किल्ला दिसेल असं मी म्हणतो, तेवढ्यात ती माझ्या हातावर हात ठेवते. "दादा, गाडी वळव. आये-बाला सांग म्यां बरी हाय. घरी ते एकटंच हायत, हातानं वाढून घेत न्हाईत." रोज तिथूनच. माहेर एवढं समोर आलेलं असतं आणि ती माझ्यासाठी मागं फिरते. मी रोज गाडी वळवतो, टोपी काढून खिशात घालतो, मागच्या दारानं घरात शिरतो आणि ती यायच्या आत पाटावर जाऊन बसतो. ती येते, तोंड ओळखत नाही पण पाटावर बसलेला तो मीच असं धरून मला वाढते, आणि मग स्वतः जेवते.

सोनाली, ती वळव म्हणाली की वळवायचं. घरी आता कोण आहे, असं तोंडातून जाऊ द्यायचं नाही. आत आल्यावर ती रिकाम्या पाटाकडं बघेल. माझं नाव ती घेत नाही, त्यामुळं हाक मारणार नाही, नुसती बघेल. तेव्हा सिताबाईनं सांगावं, कचेरीत काम निघालंय, यायला उशीर होईल. ह्याची तिला नोकरीच्या दिवसांपासून सवय आहे. तिला माझं ताट वाढू द्यावं, झाकून ठेवू द्यावं. ताट झाकल्यावर ती जेवते.

ते अन्न मागाहून कुणीही खावं, वाया घालवू नये.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण : वाशी, जि. धाराशिव
दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार : वसंत दगडोबा कवडे (सही)

साक्षीदार :
१. अण्णाराव शंकरराव जगताप, निवृत्त कारकून, वाशी (सही)
२. वीरभद्र शिवप्पा पत्रेवाले, वाशी (सही). रंगाचा मजकूर मान्य नाही, बाकी सर्व मान्य. पाटावर मी बसेन.