कोकराला कुणी न्हाऊ घालत नाही

माळावरची वस्ती, ता. कळंब
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. महानंदा हिस,

तुझी सासू गजराबाई हिचा आशीर्वाद. माझं अक्षर बघून पाकीट तसंच चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता मोनिकाकडून लिहून घेतलाय. म्हणजे पत्र उघडायच्या आधीच तुला फसवलं. पण आतलं सगळं माझंच आहे, सातवी पास अक्षरातलं.

इकडं ठीक आहे. थंडी पडायला लागली. ज्वारी गुडघ्याला लागलीय. मेंढरं आता अकराच ठेवलीत, त्यांच्यामागं फिरायला तेवढीच झेपतात. वस्तीवरची शेजारची दोन्ही घरं ऊसतोडीला कारखान्यावर गेलीत, उन्हाळ्यापर्यंत यायची नाहीत. सकाळी चहा अजून दोन कपच टाकते. दुसरा गार झाल्यावर मीच पिते. रागवायला कुणी नाही, त्यामुळं माझी जीभ पार बोथट झालीय. तुला खरं वाटणार नाही.

बिरू दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. मुरुमला अडतीवर पोत्यांच्या गडबडीत असतो, त्याचं तरी काय चुकलं. गेल्या रविवारी मी विचारलं, मेंढरांची कातरणी आलीय, दोन दिवस येतोस का. तो म्हणाला, "आई, महानंदाला नववा लागलाय." मग ठेवला. मला अशी बातमी कळली. त्या दिवशी मी एकटीनं गूळ खाल्ला आणि कुत्र्यालाही दिला.

पाय सुजत असतील तर उशाला नाही, पायाखाली उशी घे. असो. तुझी आई लक्ष्मीबाई आहे तिथं, तिला कळतं सगळं.

मी बाळंतपणाला येऊ का, असं विचारायला हे पत्र नाही. तू बोलावणार नाहीस, आणि बोलावलंस तरी मी यायची नाही. गुडघ्याचं कारण मी सगळ्यांना सांगते. तीन वर्षांत वस्तीवरच्या, गावातल्या कुठल्याच लेकराला मी हात लावलेला नाही. या पायांवर साठ-सत्तर लेकरं न्हाली. आता विचारलं की गुडघे पुढं करते. गुडघे दुखतात हेही खरंच आहे, पण तेवढ्यानं काही पाय पसरता येत नाहीत असं नाही.

मोनिका आठवते ना, माझ्या बहिणीची लेक? लातूरला जंतूंचं शिक्षण घेतेय. दिवाळीनंतर एक दिवस आली होती. त्याच सकाळी तांबडी मेंढी व्याली. कोकरू चिकट, पिवळं, मातीत लडबडलेलं. पोरगी फडकं घेऊन पुढं झाली. मी ओरडलेच. म्हटलं, "हात लावू नगं. त्याची आय चाटंल त्याला. आन् चीक पोटात गेल्याबिगर दुधाला बी हात लावायचा न्हाय." मोनिका हसायला लागली. म्हणाली, मावशी, तुला न शिकता ठाऊक आहे ते आम्हाला परीक्षेला आहे.

मग तिनं सांगितलं. अंगात जंतू शिरला की त्याला ओळखून मारणारी फौज तयार व्हायला दिवस लागतात. पण त्याआधी पहारा असतोच. माणसाची कातडी, लाळ, डोळ्यातलं पाणी, सगळीकडं अगदी बारीक प्रथिनं असतात. ती जंतूच्या वरच्या सालीला भोकं पाडतात, की जंतू तिथंच फुटतो. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मतःच असतात. तिनं नावही वहीत लिहून दिलं, पेप्टाइड. मी म्हटलं, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावरचं कुत्रं. मालक काठी शोधेपर्यंत ते चावलेलं असतं. ती म्हणाली, बरोब्बर तसंच.

मला गंमत वाटत होती. म्हणून मीच पुढं विचारलं, आपल्या लेकराला तर कुणी चाटत नाही, मग त्याचं काय?

ती म्हणाली, मावशी, लेकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा लेप असतो ना, लोण्यासारखा? त्यातच ही प्रथिनं भरलेली असतात. आईच्या पहिल्या पिवळ्या दुधात पण असतात. म्हणून तर पहिल्या दिवशी पाणी लावू नका म्हणतात.

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. चहा ठेवलाच नाही. चुलीपुढं बसून राहिले. पोरगी बाहेरून हाका मारत होती.

महानंदा, आता मी लिहिते ते तुला माहीत नाही. बिरूलाही नाही.

तुझे दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, तुझ्या माहेरी मुरुमला न्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून तू इथं गावच्या उपकेंद्रात बाळंत झालीस. दैवशाला सिस्टरनं लेकरू कोरडं करून गुंडाळून माझ्याकडं दिलं आणि बजावलं, "मावशी, चोवीस तास पाणी लावायचं न्हाय. ते पांढरं पुसायचं न्हाय." मी मान हलवली. मनात म्हटलं, तू कालची पोर, मला शिकवतेस. दुपारी घरी आलो. तू दमून झोपलीस. बिरू तुझ्या आईला आणायला गेला होता. संध्याकाळी वस्तीवरच्या बायका बघायला येणार होत्या. नातू माझा, आणि अंगाला चुना फासल्यासारखा. माझ्या हाताखालून गेलेलं लेकरू असं दिसावं, हे मला सोसवेना.

मी पाणी तापवलं. पायांवर घेतलं. हरभऱ्याचं पीठ आणि तेल लावून सगळं घासून काढलं, काखेतलं, मानेखालचं, जांघेतलं. कातडी लाल झाली होती. मला वाटलं, रंग उजळला. त्यानं एकदा डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. बारशाआधी नाव घेऊ नये, पण मी त्याला शिवराज म्हणून हाक मारली.

तू उठल्यावर म्हणालीस, किती स्वच्छ दिसतोय. मी म्हटलं, नुसतं कोरड्या फडक्यानं पुसलं. आणि तुझं पहिलं दूध मीच तुला पिळून टाकायला लावलं, जड असतं म्हणून, आणि साखरेचं पाणी पाजलं. मेंढीचा चीक मी कधी वाया जाऊ दिला नाही. तुझा भिंतीच्या कडेला ओतला. मेंढरावर ठेवला तेवढा विश्वास मी तुझ्या अंगावर ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेना, अंग तापलं. पुढचं तुला ठाऊक आहे. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, आंघोळ घातली होती का, कातडी कुठं सोलली होती का. तू माझ्याकडं बघितलंस, कारण तुला माहीतच नव्हतं. मी न्हाय म्हटलं. सातव्या दिवशी सगळं संपलं तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर तू मला विचारलंस, आत्या, कशानं झालं असं. आणि मी सगळ्यांच्या देखत तुला म्हटलं, "तुझंच दूध बाधलं त्याला."

ते खोटं होतं. तुझ्या दुधात काही वाईट नव्हतं. ते मी म्हटलं तेव्हाही मला ते खरं वाटत नव्हतं. डॉक्टरच्या तोंडून मी आंघोळीचं ऐकलं होतं, आणि कुणी माझ्याकडं बघायच्या आत मी तुझ्याकडं बोट दाखवलं. तू महिनाभरात माहेरी गेलीस, बिरूही तुझ्या मागं तिकडंच आला, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की सुनेनं पोरगा तोडला.

मोनिकाला मी आडून विचारलं, ते पांढरं पुसलं तर लेकरू मरतं का. ती म्हणाली, असं कुणाला सांगता येणार नाही. हजारो लेकरांचं पुसतात, ती जगतात. तुझ्या पायांवरची जगलीच की. पण त्याचा पहारा आहे, तर आपण उठवायचा कशाला? तिला माहीत नव्हतं ती कुणाशी बोलतेय. मलाही कधी कळणार नाही, शिवराज माझ्या हातानं गेला की त्याचं आयुष्यच तेवढं होतं. कळत नाही म्हणून सुटकाही नाही. दिवसभर माळावर मी हेच घोळवत असते.

मला माफ कर असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं, दिसत असेल. तुझ्याकडं मागायला तोंड नाही मला. एकच सांगणं आहे. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव, सगळं, माझं खोटंसुद्धा. तीही माझ्याच वयाची, तिचाही हात पाण्याकडंच जाईल. लेकराला पहिला दिवस पाणी लावू देऊ नकोस. कितीही चिकट दिसू दे, बायका काहीही म्हणू देत. आणि पहिलं पिवळं दूध त्याच्याच तोंडात जाऊ दे. तुझं दूध चांगलं आहे, महानंदा. हे तीन वर्षांपूर्वी मी त्या बाकड्यावर सांगायला हवं होतं.

बारशाला बोलावू नकोस. मुलगा की मुलगी तेही कळवलं नाहीस तरी चालेल. फक्त बिरूला रविवारच्या फोनमध्ये एवढंच म्हणायला सांग की पाणी लावलं नाही. मग त्यानं ठेवू का म्हटलं तर मी ठेव म्हणेन.

तुझ्या शिवराजला न्हाऊ घालणारी,
गजराबाई