महालक्ष्मीच्या निऱ्या

प्रताप नगर, नागपूर

ती. जयवंतावहिनी,
वाकून नमस्कार.

हे पत्र कन्हानले तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पुष्पलताचा छातीचा कॅन्सर आता हाडांत उतरला, हे तुम्हाले कळवायचं नाही, असं तुमच्या या जावेनं बजावलं आहे. पण तुमचे आभार मानल्याशिवाय मले राहवत नाही.

ऑपरेशनच्या बाजूचा तिचा हात सुजून जड झाला आहे, वर उचलत नाही. गाऊनवर दवाखान्यात जायले ती तयार नाही. म्हणून साडी मीच नेसवतो.

माझ्या लग्नाआधी गणपतीत घरी महालक्ष्म्या बसत, तेव्हा तुम्ही मलेच त्यांच्या निऱ्या घालाले लावत होत्या. "भाऊजी, नीट! देवी बोलत नाही म्हणून कशीबी नेसवाल का?" मी किती चिडत होतो!

काल पुष्पलता म्हणाली, "पदर मोठा काढा, हात झाकला पाहिजे. अन् मी बोलणारी महालक्ष्मी आहे, बरं!" मग आरशात पाहून हसली. "वहिनींच्याच हातच्या वाटतात निऱ्या."

तुमच्यामुळे तिले दुसऱ्या कोणापुढं उघडं व्हावं लागत नाही, वहिनी.

विसर्जनाच्या दिवशी त्या साड्या उतरवाले मात्र तुम्ही मले कधी बोलावलं नाही. तेही बरंच केलं; ते मले जमणार नाही.

तुमचा धाकटा दीर,
रुपराव