सोडलेले मासे

९ मे
वर्गात सगळ्यात म्हातारी मीच. छप्पन्न. विषय — हौशी मासेमारी आणि तिचं व्यवस्थापन. सव्वीस वर्षं शेल्वा नदीवर पाहुण्यांना सॅमन मासे गळाने धरायला शिकवतेय, आता मला हे शिकवणार!
शिकवणारा सिंद्रे, तिशीचा. म्हणाला, "पाणी तापलेलं असेल तर गळातून सोडवलेला मासाही नंतर मरतो. आपल्याला दिसत नाही, इतकंच."
मी उठलेच. "माझे नाही मरत."
पोरं हसली. तो हसला नाही. "मग मोजून दाखव, गुन्वोर."
दाखवतेच.

२ जुलै
पाणी चौदा अंश. आजवर गळाने अकरा मासे धरले. मासा कुठे आहे ते कळावं म्हणून पाठीवर रेडिओची बारकी खूण बांधायची, स्वतःच्या हाताने सोडायचा. हात ओले, मासा पाण्याबाहेर नाही. एकूण एक शेपटी मारून गेला.
तुरमोद, माझा धाकटा भाऊ, नदीच्या आमच्या पट्ट्यात निम्म्याचा वाटेकरी, मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांचं घर चालवतो. म्हणतो, "या वयात परीक्षा? डोकं फिरलंय तुझं."
फिरू दे.

१५ जुलै
पाणी एकवीस. आणखी सहा सोडले. तेही गेले झोकात. सिंद्रेचं तोंड बघायचंय मला.

१८ जुलै
सिंद्रेबरोबर काठाने चाललो, हातात अँटेना. थंड पाण्यातले अकराही वरच्या धबधब्याशी पोचलेत. तापलेल्या पाण्यातल्या सहांपैकी एक सापडला वरती. बाकी पाच सोडल्या जागेच्या खालीच — हलत नव्हते.
"विश्रांती घेत असतील," मी म्हटलं.
मीच कमरेपर्यंत उतरले, दगडाखाली जाळी घातली. पांढरा पडलेला. पाठीवर माझीच गाठ.

२० जुलै
तुरमोद म्हणाला, "ते गरम दिवस अहवालातून गाळ. रविवारी पाहुणे येतायत, कोण येईल मग इथे?"
गाळले नाहीत. 'मासा कोणी सोडला' या रकान्यात मेलेल्या पाचही माशांपुढे स्वतःचं नाव लिहिलं, ठळक.

२३ जुलै
पाणी बावीस. नदीकडच्या फाटकाला कुलूप घातलं. पाहुणे गाडीतून उतरून बघतच राहिले. तुरमोद ओरडला, "निम्मी नदी माझी आहे!"
"मग तुझ्या निम्म्यातले मासे वेगळे काढ," म्हटलं. किल्ली खिशात टाकली.

२४ जुलै
सकाळी तुरमोद स्वयंपाकघरात आला. कॉफी ओतली, बसला. हळूच म्हणाला, "असे तापलेले उन्हाळे आधीही होऊन गेले ना गं?"
होऊन गेले. माझ्या सव्वीस वर्षांत सात.